खाचेतलं हिरवं

भावजी, तेराव्याची माणसं जेवून पांगली आणि अक्काने कपाटाच्या तळातून तुमचा चिवड्याचा डबा काढून माझ्या मांडीवर ठेवला. म्हणाली, "हा तेवढा घेऊन जा बाबा. नाणीवाला येऊन बाकीचं सगळं बघून गेला. ह्याला त्याने हातसुद्धा लावला नाही. आतली खोटी आहेत म्हणाला." झाकणावर तुमची चिठ्ठी होतीच. 'खोटे. कुणाला देऊ नये.' चार शब्द, पण काय ते अक्षर! तीस वर्षं छापखान्यात उलटे खिळे जुळवणाऱ्या माणसाचं, एक काना इकडचा तिकडे नाही.

डबा घेऊन मी जिना उतरलो आणि खाली रिक्षा-स्टँडपाशी उभा राहिलो. शेअरवाला ओरडत होता, "स्टेशन, स्टेशन, एक सीट!" मी बसलो नाही. डबा तुमच्या शांती नगरातून माझ्या घरापर्यंत चालतच आणला. आत कुठला बिल्ला आहे हे मला माहीत होतं. तो तिथे का आहे हे माहीत असलेला जगात मी एकटाच, असं त्या दिवशी तरी मला वाटत होतं.

आपल्या जुन्या वस्तूंच्या मंडळाच्या अध्यक्षांचा फोन आला होता. "वसंतराव, तुम्ही त्यांचे मेहुणे, शिवाय बाजारातले जोडीदार. चार चांगले शब्द लिहून द्या, अंकात छापू." चांगले शब्द काय, पोत्याने आहेत. पण त्यांच्याआधी एक घाणेरडा शब्द लिहायचाय, आणि तो माझ्याबद्दलचा आहे. छापायचं तर छापा, नाहीतर राहू दे.

आपण दर रविवारी सकाळी भाईंदरच्या त्या फुटपाथवर जायचो, जुन्या सामानाच्या पथाऱ्या लागतात तिथे. तुटके रेडिओ, कुलपं, पितळी कड्या, कुणाच्या तरी लग्नातले फोटो फ्रेमसकट. तुम्ही रुमाल पसरून गुडघा टेकवायचात आणि सलीमचाचाच्या ताटातली नाणी, बिल्ले, टोकन एकेक करून उचलायचात. अक्षर तुम्ही बघायचं, धातू मी. ठशातलं अक्षर घाईत कोरलंय का, मागून कोणी खरवडलंय का, ते तुमच्या भिंगातून. पितळ जुनं आहे का, ओतीव की ठोकलेलं, वरचा थर काळाने चढलाय की ॲसिडने, ते माझ्या अंगठ्यातून. भाईंदरच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशला जन्म काढला मी, धातू मला नुसता हाताला कळतो. "वसंता, तू माझा अर्धा डोळा आहेस," असं तुम्ही एकदाच म्हणालात, तेही चहाच्या टपरीवर आणि लगेच बिस्कीट बुडवून विषय बदललात. कौतुक करताना तुमच्या पोटात दुखायचं.

आणि विकणाऱ्याला विचारल्याशिवाय तुम्ही कधी घर गाठलं नाहीत. "चाचा, ये कहाँ से आया? कौन लाया? कब लाया?" चाचा वैतागायचा, "साहब, आप तो पुलिस से जादा पूछते हो." तरी सांगायचा. तुमचा नियम होता, वस्तू खोटं बोलली तरी तिचा प्रवास खोटं बोलत नाही. हा नियम लक्षात ठेवा. पुढे मी ह्यावरूनच तुम्हाला धरणार आहे.

चेणे गावाचा तो शेतकरी आठवतो? कंपनी सरकारच्या नावाचं, रामदरबाराचं चित्र असलेलं नाणं हातरुमालात बांधून आला होता. कोणीतरी त्याला पटवलं होतं की हे तांदूळ ओढतं, ह्यात दैवी शक्ती आहे, जमिनीचा तुकडा दे आणि घे. आणि खरंच, ताटलीतले तांदूळ त्या नाण्याकडे सरकत होते! मी बघतच राहिलो. तुम्ही शांतपणे अक्काला हाक मारलीत, "आपल्या डब्यातले मूठभर आण गं." आपले तांदूळ काही ढिम्म हलेनात. त्याच्या तांदळाला लोखंडाचा कीस लावलेला होता आणि नाण्यात चुंबक. तो माणूस तुमच्या सोफ्यावर ढसाढसा रडला. तुम्ही त्याच्या शेजारी बसून राहिलात. अजून दर पावसाळ्यात तो काकड्या पाठवतो. तुमच्या एका शब्दाने त्याचं रान वाचलं. एवढं वजन होतं तुमच्या शब्दाला, आणि त्याच शब्दाबद्दल मला हे लिहायचंय.

आता माझी पहिली चूक. ती तुम्हाला ठाऊक आहे, चारचौघांत तुम्ही सांगायचातही. तुमचा तो शिवराई पैसा, काळपट, हिरवट, घाणेरडा दिसायचा. दिवाळीला तुम्हाला खूश करावं म्हणून मी तो गुपचूप कारखान्यात नेला आणि बफवर, पॉलिशच्या फिरत्या चाकावर, धरला. सोन्यासारखा झाला हो! डबीत घालून आणला. तुम्ही डबी उघडलीत, बंद केलीत, आणि तीन दिवस माझ्याशी बोलला नाहीत. चौथ्या दिवशी म्हणालात, "गाढवा, तू त्याचं तोंड नाही धुतलंस, कातडं सोललंस. तो थर म्हणजेच त्याचं वय. आता तो काल जन्मलेला झाला." मग अक्काची शपथ घालायला लावलीत मला, की पुन्हा कुठल्याही जुन्या वस्तूला पॉलिश लावणार नाही. अक्का स्वयंपाकघरातून ओरडली, "माझी कशाला? स्वतःची घाल म्हणावं मेल्याला!"

त्यानंतर मिठागराचे बिल्ले निघाले.

ज्यांनी हे प्रकरण ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. जुन्या काळी खाडीकडच्या एका मिठागरावर गोडं पाणी बाहेरून यायचं, पिंपांतून. प्रत्येक घराला एक पितळी बिल्ला. बिल्ला दाखवायचा, घडा भरून घ्यायचा. एका बाजूला घड्याचं चित्र, दुसऱ्या बाजूला मोडीत 'गोडे पाणी'. असे चार-पाच बिल्ले चाचाकडून आपल्याला मिळाले होते आणि तुम्ही ते खरे ठरवले होते. त्यावर कुणाचंच भांडण नव्हतं.

भांडण सुरू केलं काशिनाथने. खाडीकाठच्या गावातला, पालिकेतून निवृत्त झालेला, आपल्याच वयाचा. मंडळाने मिठागरांचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं, तेव्हा तो बैठकीत उभा राहिला. "ह्ये बिल्ले गोल हायेत. आमच्या लोकांचे गोल नव्हते. आमच्या बिल्ल्याला कडंला खाच मारलेली असायची. खाच बगितली की पिंपापाशी येऊ न्हाय द्यायचे, लांबून वरतून वतायचे. माज्या आईनं सोता बगितलंय, ती अजून हाय. तुमच्या पाटीवर ते बी लिवा."

मग गावातलेच दोघे-तिघे उसळले, आमच्याकडे असलं कधीच नव्हतं, उगाच जुनं उकरून विष कालवू नका. अध्यक्षांनी हात वर केले. "पुरावा आणा. खाचेचा बिल्ला दाखवा, भावजी तपासतील, ते म्हणतील तसं लिहू." अख्खं मंडळ तुम्हाला भावजीच म्हणायचं, माझ्यामुळे. काशिनाथने तुमच्याकडे बघितलं आणि हात जोडले. त्याचे हात अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीत.

पुढच्या रविवारी तुम्हाला ताप होता. मी एकटाच गेलो. आणि चाचाच्या ताटात, दोन चाव्यांच्या खाली, तो पडलेला. घडा, मोडी अक्षरं, आणि कडेला बोटाच्या पेराएवढी खाच. मी तो उचलला. चाचा म्हणाला, "पुराने मिट्टी के ढेर से निकला है, उधर खाडी बाजू से. जैसा मिला वैसा दिया." वरपासून खालपर्यंत हिरवा-काळा, मिठाने खाल्लेला.

सरळ तुमच्याकडे यायचं ना! पण तुम्हाला ताप, आणि मला दुसऱ्या दिवशी कारखान्यात बोलावलेलं, नव्या पोरांना हात शिकवायला. बिल्ला खिशात. जेवणाच्या सुट्टीत मी तो काढला. वाटलं, अक्षर थोडं मोकळं करू, भावजींना वाचायला सोपं. थोडंसंच, एका कोपऱ्यात. बफ चालूच होता. आता कसं सांगू तुम्हाला, माझ्या हाताला पितळ लागलं आणि समोर बफ फिरत असला की हात माझा राहत नाही. चाळीस वर्षांची सवय. कोपरा चमकला, मग बाकीचं मळकट दिसायला लागलं, मग ते पण. मग खाच. खाचेत बफ जात नाही म्हणून मी सुतळीला पॉलिश लावून ती आत ओढली, आम्ही तांब्याच्या काठाखाली ओढतो तशी.

आणि सुतळी हिरवी झाली.

तेव्हा मी थांबलो. भावजी, खाचेच्या आतला थर आणि तोंडावरचा थर एकच होता. तोच हिरवा, तोच खाली काळा, तितकाच घट्ट. नवी कानस मारलेली असती तर आत पिवळं पितळ असतं, नाहीतर ॲसिडचा भुसभुशीत हिरवा असता, जो बोटानेही निघतो. हा बोटाने निघत नव्हता, पॉलिशची सुतळी ओढली तेव्हाच सुटला. ही खाच बिल्ल्याइतकीच जुनी होती. हे मला तिथल्या तिथे कळलं, आणि हेही कळलं की हे सिद्ध करणारी एकमेव गोष्ट आता माझ्या हातातल्या सुतळीला लागली आहे.

सुतळी मी कचऱ्यात टाकली. ती तरी ठेवायची होती! पण भीतीने माणसाची अक्कल पेंड खाते.

संध्याकाळी तुमच्याकडे आलो. तुम्ही शाल घेऊन बसला होता. बिल्ला हातात घेतलात, दिव्याखाली धरलात, आणि तुमचा चेहरा उतरला. "हा असाच मिळाला?" एवढंच विचारलंत.

मी म्हणालो, "हो. चाचानेच घासलेला दिसतोय."

एक वाक्य, भावजी. शपथ मोडली म्हणून तुम्ही परत तीन दिवस बोलणार नाही, एवढ्या भीतीपायी. साठी उलटलेला माणूस मी! आणि मेहुण्याचा ओरडा चुकवायला एका माणसाच्या आजोबा-पणजोबांचं पाणी मी पुसून टाकलं.

बैठकीत काशिनाथ पहिल्या रांगेत बसला होता, इस्त्रीचा शर्ट घालून. तुम्ही उभे राहिलात. "बिल्ला खरा आहे. अक्षर त्याच ठशाचं आहे. पण खाच..." इथे तुम्ही थांबलात, पाणी प्यालात. "खाच अलीकडे मारलेली असावी. वस्तू नुकती घासलेली आहे. कोणीतरी विकण्यासाठी हे केलं असावं." ते उसळलेले दोघे-तिघे टाळ्या वाजवायला लागले. तुम्ही त्यांच्यावर खेकसलात, "टाळ्या कसल्या वाजवता?" काशिनाथ उठला, चपला घातल्या, आणि जाता जाता तुम्हाला म्हणाला, "तुम्ही म्हनता म्हंजे असंल." रागाने नव्हे. खरंच पटून. तुमच्यावर एवढा विश्वास होता त्याचा.

प्रदर्शन झालं. गोल बिल्ले काचेखाली मांडले. पाटीवर लिहिलं, 'मिठागर कामगारांना गोड्या पाण्याचे समान वाटप.' समान! ती पाटी वाचून तुम्ही बाहेर येऊन बसलात आणि मला वाटलं, ऊन लागलं असेल.

त्यानंतर तुम्ही बाजारात आलात ते दोनदाच. गुडघा दुखतो म्हणालात. मग हॉस्पिटल. शेवटच्या दिवशी मी पायाशी बसलो होतो. सांगायचं म्हणून तीन वेळा तोंड उघडलं. तुम्ही ऑक्सिजनच्या नळीतून म्हणालात, "वसंता, डोक्याला ताप नको करून घेऊ." मी म्हटलं, पुन्हा कधीतरी, बरे झाल्यावर. बरे होतील ही पण एक खोटी वस्तू मीच स्वतःला विकली.

आता तुमच्याकडे येतो. तुम्हाला सोडणार नाही मी.

डबा नेल्यावर दोन दिवसांनी अक्काकडे गेलो आणि तिच्यापाशी सगळं ओकलो. ती कोथिंबीर निवडत होती. हात थांबलासुद्धा नाही तिचा. म्हणाली, "त्यांना माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"तू आलास ना तेव्हा, त्याच संध्याकाळी. तू गेल्यावर मला म्हणाले, वसंताच्या नखांत काळं होतं. पॉलिशचं. जेवले नाहीत त्या दिवशी."

मग मला तुमचा नियम आठवला. प्रत्येक वस्तूबद्दल तुम्ही चाचाला विचारायचात. ह्या एका बिल्ल्याबद्दल तुम्ही त्याला कधीच विचारलं नाहीत. विचारलं असतं तर तो म्हणाला असता, हरा था साहब, एकदम काला-हरा. तुम्हाला ते ऐकायचं नव्हतं.

का हो, भावजी? 'सांगता येत नाही' एवढं म्हटलं असतंत तरी चाललं असतं. पण मग सगळ्यांनी विचारलं असतं, घासला कोणी? आणलेला मी. काशिनाथच्या समोर माझं नाव आलं असतं, आणि लोक म्हणाले असते, मुद्दाम पुसला. तुम्ही मला वाचवलंत. उभ्या आयुष्यात कुणाची खोटी वस्तू खरी म्हटली नाहीत, आणि बायकोच्या भावासाठी खरी वस्तू खोटी करून डब्यात टाकलीत. आभार मानू की तुमच्या फोटोसमोर ओरडू? दोन्ही केलं मी. अक्काने दार लावून घेतलं, शेजारच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून.

ती म्हणाली, "लिहू नकोस हे. त्यांचं नाव तेवढंच उरलंय." पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी बिल्ला खिशात घालून निघतोय हे फोनवर सांगितल्यावर म्हणाली, "थांब, मी पण येते." आणि आली. साधी सुती साडी, हातात काही नाही.

काशिनाथचं घर खाडीकडच्या गावात, नव्या टॉवरच्या भिंतीला टेकलेलं. त्याने आम्हाला आत बसवलं, तुमचं वाईट झालं म्हणाला. सुनेने पाणी आणून ठेवलं. सुरुवात कुठून करावी ह्याच विचारात मी ग्लासाला हात लावला नाही. तो माझ्या ग्लासाकडे बघत होता. "पानी तर घ्या," म्हणाला, हळूच. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मी ग्लास उचलून एका दमात रिकामा केला. अक्काने पण.

मग सांगितलं. कारखाना, बफ, सुतळी, खोटं बोललो ते. तुमचंही सांगितलं, अक्काच्या देखत. बिल्ला त्याच्या हातावर ठेवला. सहा महिन्यांत खाडीच्या हवेने त्याच्यावर पुन्हा काळपट झाक आली आहे, तोंडावर आणि खाचेत सारखीच. आता कुठलंही भिंग लावा, काही सांगता येणार नाही.

काशिनाथने खाचेवरून अंगठा फिरवला. "आत हिरवा होता?"

"होता."

"तुम्ही डोल्यांनी बगितला?"

"बघितला. दोघांचा रंग एकच होता."

मला वाटलं, आता शिव्या घालेल. घालायला हव्या होत्या. तो म्हणाला, "माजी आई होळीच्या आदी गेली. मीटिंगवरनं आलो तवा वाट बगत बसलेली. काय झालं रं बिल्ल्याचं? मी सांगितलं, खोटा निघाला, मोट्या मानसानं तपासला. मंग दोन दिसांनी मला म्हनाली, काशी, मंग मी ल्हान होते, मला कोनीतरी सांगितलं असंल. मी बगितलंच नसंल."

अक्काने पदर तोंडाला लावला. काशिनाथने बिल्ला माझ्या हातात परत दिला. "न्या. मी आता कोनाला दावू?"

भावजी, वर काही आहे असं तुम्ही मानत नव्हता, मीही नाही. तेव्हा काशिनाथच्या आईला निरोप द्या असं तुम्हाला सांगून मोकळं होणंही माझ्या नशिबात नाही. अध्यक्षांनी चार चांगले शब्द मागितले होते. ते पुढच्या वर्षी लिहीन, जमलं तर. ह्या वर्षी एवढंच छापा, आणि प्रदर्शनाची ती पाटी जिथे ठेवली असेल तिथून काढून तिच्यावर चिकटवा: खाच जुनी आहे. तिच्यात हिरवं होतं. मी ते पाहिलं, आणि मीच पुसलं.